आजीचे चरित्र कोण लिहिणार?

सोसायटीच्या प्रवेशद्वाराजवळील फलकावर एखाद्या सकाळी चार ओळींचे निवेदन लागते. अमुक यांच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पुत्र, कन्या, सुना, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. वारज्यासारख्या उपनगरात हे दृश्य नेहमीचे. दिवंगत व्यक्ती पुरुष असेल तर त्याच चार ओळींत त्याची नोकरी, हुद्दा, भूषविलेली पदे येतात. आजींविषयी मात्र एकच शब्द असतो : गृहिणी. साठ वर्षांचे कर्तृत्व त्या एका शब्दात आटोपते.

मुठेकाठचे वारजे हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. येथील काही आजी या गावात सून म्हणून आल्या, तर काही उतारवयात गावाकडचे घर मिटून मुलाच्या सदनिकेत राहावयास आल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेला महापूर आला. धरण कसे फुटले, पूल कोणते वाहून गेले, याची नोंद इतिहासात आहे. परंतु पूर ओसरल्यावर घरातला गाळ कोणी उपसला, भिजल्या धान्यातून निवडून चूल पुन्हा कोणी पेटविली, हे कोठे लिहिले आहे? त्या वेळी विशीत असलेली सून आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला हे विचारण्यास फार अवधी उरलेला नाही.

याचे उत्तर वारज्याच्या शेजारीच सापडते. हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचे कर्वेनगर, ही महर्षी कर्वे यांची कर्मभूमी. अनाथ बालिकाश्रमासाठी १९०० मध्ये येथे झोपडी उभी राहिली. अण्णा पुण्यातील अध्यापन आटोपून पायी हिंगण्याची वाट चालत, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र त्या काळात अण्णांचा प्रपंच सांभाळीत होत्या त्या आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. पूर्वाश्रमीच्या या गोदूबाई जोशी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. १८९३ मध्ये झालेल्या त्यांच्या पुनर्विवाहामुळे मुरूडकरांनी बहिष्कार घातला. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बायांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध होण्यास १९४४ साल उजाडावे लागले. तेही सून कावेरीबाई कर्वे यांनी संपादनाचे कष्ट घेतले म्हणून. सहा वर्षांनी, १९५० मध्ये, बाया गेल्या. ते पुस्तक झाले नसते तर एका थोर कार्यामागील संसाराची बाजू बायांच्या स्वतःच्या शब्दांत कधीच कळली नसती. प्रत्येक आजीच्या वाट्याला महर्षींचे घर येत नाही, पण ऐकून घेणारी एक सून वा नात येऊ शकते.

समाजाच्या मोजमापातही गृहिणी अशीच अदृश्य आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हेच आपले मुख्य काम असल्याचे सांगितले. असे सांगणारे पुरुष सुमारे ५८ लाख होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटे जातात, तर पुरुषाची ९७. त्याआधीच्या २००१ च्या जनगणनेत गृहिणींची वर्गवारी भिकारी व कैदी यांच्यासमवेत झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तीव्र नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये, अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका निकालात, याच न्यायालयाने गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरणे हा तिच्या श्रमांचा सन्मान असल्याचे स्पष्ट केले.

यावर काही घरांतून आक्षेप येतो की, आईच्या मायेचा हिशेब मांडणे ही आपली रीत नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. मायेला दर लावता येत नाही. परंतु मोल करावयाचे नाही म्हणून नोंदही करावयाची नाही, हे कोणत्या संस्कृतीत बसते? 'गृहलक्ष्मी', 'त्यागमूर्ती' ही विशेषणे पुष्कळदा न पाहण्याची सोय ठरतात. एकदा त्याग म्हटला की काय त्यागले हे विचारावे लागत नाही. चौथीत पहिली आलेल्या मुलीची शाळा सुटली असेल, गळ्यातले गाणे सासरी मुके झाले असेल, तर तेही तिच्या चरित्रात आले पाहिजे. गोड आठवणींपुरतेच स्मरण हे अर्धे स्मरण होय.

कुटुंबव्यवस्था हे आपले बलस्थान असल्याचे व्यासपीठांवरून अभिमानाने सांगितले जाते. ते बल कोठून आले? तुटपुंज्या पगारात महिना निभावणाऱ्या, दिराचे शिक्षण व नणंदेचे लग्न पार पाडणाऱ्या, भाजणीचे प्रमाण आणि कुळाचाराचा क्रम मुखोद्गत ठेवणाऱ्या स्त्रियांकडून आले. हे ज्ञान कागदावर नाही. एका पिढीबरोबर ते जाते आणि मग घराला स्वतःचाच वारसा परका होतो.

वारज्यात टेकडीवरच्या १६.८ हेक्टर उजाड वनजमिनीवर नागरिक व वनविभाग यांच्या सहकार्याने झाडी वाढली आहे. तिचे नाव स्मृतिवन. आजीच्या नावे झाड लावणे चांगलेच. पण ती कोण होती, हे झाड सांगू शकणार नाही. त्यासाठी दोनशे पानी वही आणि रविवारची एक दुपार पुरेशी आहे. तिचे माहेरचे नाव काय, आईचे नाव काय, लग्नापूर्वी काय व्हावेसे वाटत होते, कोणता दिवस सर्वांत कठीण गेला, कोणता निर्णय केवळ तिचा होता, हे विचारावे. 'मी काय केले, घरच तर सांभाळले,' असे ती म्हणेल. तेथून पुढे खरी सुरुवात होते. पेन खाली ठेवू नये.

आणि ज्या घरात हे राहून गेले आहे, तेथे निदान वर्षश्राद्धाच्या दिवशी सर्व भावंडांनी एकत्र बसून आपापल्या आठवणी लिहून काढाव्यात. पुढच्या पिढीतील एखादी मुलगी ती वही उघडील, तेव्हा 'गृहिणी' या एका शब्दामागे काय काय होते, ते तिला वाचता येईल.