विश्लेषण : जुनी मोटरबोट घेताना रंग नको, तळ पाहा! उजनीच्या पाण्यात उतरण्याआधी काय तपासावे?

जुना ट्रॅक्टर कसा पारखायचा, हे लोणी भापकर, मोरगाव परिसरात कोणाला शिकवावे लागत नाही. मीटरवरचे तास, टायर, हायड्रॉलिक आणि धूर पाहिला, शेतात एक फेरी मारली, ओळखीच्या फिटरला दाखवले की सौदा ठरतो. मोटरबोटीला ही पारख पुरत नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. बोट बंद पडली तर खाली पाणी असते आणि तिच्यात बसलेले लोक बहुधा तिचे मालक नसतात.

हा प्रश्न आताच का?

बारामतीच्या जिरायती पट्ट्यातून पूर्वेला इंदापूर तालुक्यात गेले की चित्र पालटते. भीमेवरील उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी येथे मैलोन्मैल पसरले आहे. भिगवण, कुंभारगाव येथे फ्लेमिंगो पाहायला येणारे पर्यटक बोटीतूनच जातात. इंदापूर आणि करमाळा या दोन काठांवरील गावांसाठी लाँच म्हणजे रस्त्याचा मोठा वळसा वाचवणारे साधन. जलपर्यटनाचीही चर्चा आहे. त्यामुळे मुंबई, अलिबाग किंवा गोव्यातील जुनी केबिनची बोट ट्रेलरवर घालून उजनीत आणावी, असे एखाद्या तरुण व्यावसायिकाला वाटणे साहजिक आहे.

मात्र २१ मे २०२४ ची संध्याकाळ विसरता येणार नाही. कळाशीहून कुगावकडे येणारी-जाणारी वाहतूक नेहमीची. त्या दिवशी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असले तरी वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि लाटा उठतात. येथे चालणारी बोट ‘धरणातच तर चालवायची आहे’ या हिशेबाने घेणे धोक्याचे आहे.

सर्वात आधी काय पाहावे?

बोटीचा तळ, आणि तोही बोट पाण्याबाहेर काढून. विक्रेता पाण्यात उभी असलेली बोट दाखवून विसार मागत असेल तर देऊ नये. इंजिन बदलता येते, गाद्या आणि रंग बदलता येतात. कुजलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च बोटीच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो.

बहुतेक जुन्या बोटी फायबरच्या असतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने तळावर हलके ठोकत जावे. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. मध्येच ‘भद’ असा आवाज आला तर आतले थर सुटलेले असू शकतात किंवा पाणी मुरलेले असू शकते. तळावर फोड दिसतात का, तेही पाहावे. कायम पाण्यात राहणाऱ्या फायबरमध्ये हळूहळू पाणी शिरते आणि असे फोड येतात. गोड्या पाण्यात ही क्रिया खाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने होते, त्यामुळे ‘बोट समुद्रात नव्हती, धरणातच होती’ हा दिलासा इथे चालत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा दोर बांधण्याच्या खुंट्यांभोवती किंवा कोपऱ्यांत दिसल्या, तर तिथे ताण आल्याची शक्यता असते. नुकताच दिलेला ताजा रंग हाही एक प्रश्नच समजावा : तो कशासाठी दिला?

मागची फळी का महत्त्वाची?

बाहेर टांगलेले इंजिन ज्या मागच्या भिंतीला बसवतात, तिच्या आत अनेक बोटींमध्ये प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपले की ते आतून कुजते आणि बाहेरचे फायबर मात्र छान दिसत राहते. इंजिन तिरके उचलून त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबावे. भिंत लवत असेल, करकरत असेल किंवा बोल्टभोवती भेगा असतील तर सौदा तिथेच थांबवावा. बोटीच्या आतल्या लांब आधारपट्ट्याही अशाच तपासाव्यात. फळी उघडून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे.

इंजिन कसे पारखावे?

पहिली अट : तुम्ही पोहोचण्याआधी इंजिन सुरू करून ठेवायचे नाही. गरम इंजिन सहज सुरू होते. खरी तब्येत थंड इंजिनच सांगते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही किंवा इंजिनवर ताण आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. आउटबोर्ड इंजिनमधून थंड करण्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. गिअर ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके असेल तर सील फुटले आहे.

प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकच आकडा कमी-जास्त असण्यापेक्षा सिलिंडरांमध्ये मोठी तफावत असणे अधिक काळजीचे. समुद्रातून आलेल्या इंजिनच्या पाण्याच्या वाटांत मीठ आणि गंज साठलेला असतो, तोही पाहावा. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. समुद्रात बोटीचे धातूचे भाग वाचवण्यासाठी लावलेले झिंकचे ठोकळे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. उजनीत आणल्यावर ते बदलून मॅग्नेशियमचे लावावे लागतात.

पेट्रोल इंजिन केबिनखाली असेल तर टाकी आणि पाइप बोटाने दाबून, वास घेऊन तपासावेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने पेट घेते. तळातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालतो का, साचलेले पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो का, हे स्वतः पाहावे. घरगुती वायर जोडून केलेले ‘जुगाड’ दिसले तर पूर्ण वायरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा.

पाण्यातली चाचणी रिकाम्या बोटीने चालेल का?

नाही. विक्रेता आणि तुम्ही दोघेच बसलात तर बोट छानच पळेल. जितके प्रवासी नेणार, तितक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून फेरी घ्यावी. माणशी सुमारे ७५ किलो धरावेत. भरलेल्या बोटीची कड पाण्यापासून किती वर राहते, वळताना बोट किती कलते, ती किती सावकाश सरळ होते, हे पाहावे. मागाहून वर छत किंवा बैठक चढवलेल्या बोटीत वजन उंचावर जाते आणि ती लवकर कलंडते. इंजिन पूर्ण जोरात ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. उजनीत पंख्याची पातीही नीट पाहावीत. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. तसे बुडालेल्या गावांचे अवशेष आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली आहेतच.

चाचणीची जागाही मोकळी हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत इंजिनची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली होती.

कागदपत्रांत काय पाहावे?

१९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू आहे. यांत्रिक बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. प्रमाणपत्रावरील बोटीचा व इंजिनचा क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकाशी जुळतो का, मंजूर प्रवासी संख्या किती, विमा चालू आहे का, बोटीवर कर्ज आहे का, परदेशातून आणली असेल तर आयात शुल्क भरल्याची पावती आहे का, हे पाहून मालकी बदलाची नोंद करून घ्यावी. समुद्रासाठीचा कागद उजनीत जसाच्या तसा चालेल, असे गृहीत धरू नये.

मग नेमके करायचे काय?

विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, स्वतः निवडलेला सर्वेक्षक नेमावा. त्याचे शुल्क खरेदीदारानेच द्यावे, म्हणजे अहवाल खरेदीदाराच्या बाजूचा राहतो. विसार देताना ‘सर्वेक्षण अहवाल समाधानकारक आल्यासच सौदा’ अशी अट लेखी घ्यावी. प्रवाशांच्या संख्येइतकी, लहान मुलांच्या मापासह लाइफ जॅकेट पाण्यात घालून तपासावीत. फोम दबून विरलेले जॅकेट फक्त नारिंगी कापड असते.

प्रशासनाचीही एक जबाबदारी आहे. कळाशी, कुगाव, कुंभारगावसारख्या ठिकाणी प्रत्येक बोटीची मंजूर प्रवासी संख्या आणि सर्वेक्षणाची मुदत धक्क्यावर ठळक मराठीत लिहिलेली असावी. जुनी बोट कोणी कितीला घेतली, याच्याशी प्रवाशाला देणेघेणे नाही. बसण्याआधी ती तपासलेली आहे की नाही, एवढे तरी त्याला काठावरूनच कळायला हवे.