भालकीच्या पोरांनी कारवारचा किनारा पायी पाहावा

सीमाभागाच्या घोषणेत बिदर, भालकी आणि कारवार ही नावे एका दमात येतात. भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीत तीन पिढ्यांनी ती ऐकली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातले बिदर आणि मुंबई राज्यातले कारवार एकाच म्हैसूर राज्यात आले. तरीही भालकी तालुक्यातल्या बहुतेकांना कारवारचा समुद्र ठाऊक आहे तो सहलीच्या बसमधून उतरून अर्धा तास पाहिलेला. मधले अंतर साधारण सहाशे किलोमीटर. एवढे जाऊन अर्ध्या तासात परतायचे, हे बदलायला हवे.

हिवाळा हाच त्यासाठीचा काळ. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, झाली, तूर खळ्यावर आली, की घरातल्या तरुणांना चार दिवसांची सवड मिळते. बिदरच्या पठारावर पहाटे दातावर दात वाजत असतात, तेव्हा किनाऱ्यावर रात्री एका पातळ चादरीत निभावते. पावसाळ्यात हाच मुलूख धोक्याचा असतो. जुलै 2024 मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला दरड महामार्गावर कोसळून माणसे गेली.

पाठीवर पिशवी टाकून चालायला कुमटा ते गोकर्ण ही वाट उत्तम. कुमट्याकडून काडले किनारा, पुढे अघनाशिनी गाव. तिथे तरीने नदी ओलांडून तदडी, मग बेलेकान, पॅराडाइज, हाफ मून, ओम, कुडले आणि शेवटी गोकर्णाचे महाबळेश्वर मंदिर. दोन दिवस निवांत पुरतात. कोकण रेल्वेची कुमटा आणि गोकर्ण रोड ही स्थानके दोन्ही टोकांना हाताशी आहेत. सबंध किनारा मात्र सलग चालता येत नाही. कारवारच्या दक्षिणेला अर्ग्याजवळ नौदलाचा ‘कदंब’ तळ आहे, तेवढा भाग सोडावाच लागतो.

या वाटेवर शेतकऱ्याच्या मुलाला पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अघनाशिनीवर धरण नाही; डोंगरातले पाणी थेट खाडीला मिळते. ओहोटी लागली की बायका पाण्यात उतरून चिखलातून तिसऱ्या वेचतात. खाडीकाठच्या शेतांत कग्गा नावाचे भात पिकते, ते खारे पाणी सोसते. जरा आत सणिकट्ट्याची मिठागरे आहेत. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात याच उत्तर कन्नड जिल्ह्यातले अंकोला आघाडीवर होते. सोयाबीन आणि तुरीत वाढलेल्या पोराला तासभर त्या बांधावर उभे करा, प्रश्न तोच विचारील.

आणि दगड ओळखीचाच निघेल. बिदरच्या किल्ल्याचा खंदक ज्या जांभ्यात खोदला, तोच तांबडा, भोकाभोकांचा दगड किनाऱ्याच्या टेकड्यांवर पायाखाली येतो.

भाषेचीही अडचण नाही. भालकीचे पोर घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलते. तरीवाल्याची कोंकणी त्याला निम्मी-अधिक कळते, फलकावरचे कन्नड वाचता येते. बेंगळुरूहून किंवा पुण्याहून येणाऱ्या कितीजणांपाशी एवढी शिदोरी असते?

उणीव आहे ती समुद्राच्या ओळखीची, आणि ती जिवावर बेतते. डिसेंबर 2024 मध्ये मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार विद्यार्थिनी बुडाल्या. त्यांचाही मुलूख कोरडाच. विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात उतरू नये, हे मुलांना घरून निघण्याआधी शिकवले पाहिजे. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते, ओढ आत नेते.

कोकणी माणसाचा भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी तिथल्या मच्छीमाराला विचारायचे. पंचांग तर खटकचिंचोळीच्या घराघरांत आहे. येळवस त्यावरूनच ठरते.

म्हणून शाळा-महाविद्यालयांनी तीन दिवसांत दहा ठिकाणे उरकणाऱ्या सहली थांबवाव्यात. पंधरा-वीस मुलांचा गट करावा, मुलींनाही न्यावे, बरोबर वाट दाखवायला स्थानिक मच्छीमार घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. उत्तर कन्नडच्या प्रशासनाने पायवाटांवर खुणा कराव्यात, धोक्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमावेत, तदडीची तर चालू ठेवावी. पूल आले तरी ती हवी. पायी चालणाऱ्याला आणि टोपली घेऊन पलीकडे जाणाऱ्या कोळिणीला तीच सोयीची.

सहलींचे बेत दिवाळीनंतर ठरतात. या वेळी पालकांच्या बैठकीत बसभाड्याची बोलणी सुरू होण्याआधी शिक्षकांनी पंचांग उघडावे आणि येळवसेनंतरची, दुपारी ओहोटी देणारी पौषातली अष्टमी कोणत्या वारी येते ते पाहावे.