लोणार जवळ आले, आता जबाबदारीही!

सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी मस्तक नमवून पुढे निघालेला प्रवासी लोणारला पोहोचतो, तेव्हा पुढ्यात काय आहे याची त्याला पुसटशीही कल्पना येत नाही. सपाट काळे रान एकाएकी संपते आणि पायांशी पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचे विवर उघडते. उतारावर दाट झाडी, मध्येच मोराचा केका आणि तळाशी खारे, हिरवट, निश्चल पाणी. कुटुंबासह निसर्गात एक दिवस घालवावा, असे याहून विलक्षण स्थान महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेली विवरे पृथ्वीतलावर अगदी मोजकी आहेत. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारचा ‘शोध’ लावला, असे सांगण्याची प्रथा आहे. वास्तविक ‘ऐन-इ-अकबरी’त या सरोवराचा उल्लेख आहे आणि लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर त्याहूनही प्राचीन आहे. साहेबाने पाहिले म्हणजे शोध लागला, हा न्यूनगंड आता टाकायला हवा. मात्र लवणासुराच्या कथेत उल्कापाताचा पुरावा शोधण्याचा अट्टाहासही नको. विवराचे वय अलीकडच्या मापनानुसार सुमारे पावणेसहा लाख वर्षे आहे. पूर्वजांनी या जागेचे असामान्यत्व ओळखले आणि तिला तीर्थ मानले, एवढा वारसा अभिमानास पुरेसा आहे.

प्रश्न आहे तो या वारशाशी आपण कसे वागतो हा. आजवर लोणार आडबाजूला होते आणि या आडबाजूपणानेच त्याचे बरेचसे रक्षण केले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ मध्ये खुला झाला आणि २०२५ मध्ये तो मार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचला. लोणार आता जवळ आले आहे. गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

काही वर्षांपूर्वी कमळजा देवीच्या दर्शनास पायवाटेने उतरताना जे दिसले, ते मनाला डाचत राहिले. झुडपांत वेफर्सची पाकिटे अडकली होती, काठावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य तरंगत होते. एका सुशिक्षित गृहस्थांनी भक्तिभावाने हात जोडले आणि रिकामी बाटली तिथेच सोडून ते वळले. त्यांना दोष देताना संकोच वाटतो, कारण ते आपल्यातलेच होते.

आपले पावित्र्य गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी संपते, ही यातली खरी व्यथा आहे. या सरोवराचे प्राण त्याच्या तीव्र अल्कधर्मी, क्षारयुक्त पाण्यात आहेत. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. असे जीव सर्वत्र आढळत नाहीत. गावाचे सांडपाणी, साबण, कचरा आणि गोडे पाणी यांनी त्या पाण्याचा गुणधर्म पालटला, तर देवालये शाबूत राहतील, पण तीर्थ हरवेल. सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, ही भूषणावह गोष्ट नव्हे.

यावर काहीजण म्हणतील, माणसांना तेथे जाऊच देऊ नका. हे पटत नाही. ज्या भूमीवर पाऊल पडत नाही, तिच्यावर माया जडत नाही. मुलांना तेथे अवश्य न्यावे, परंतु ‘पिकनिक’ म्हणून नव्हे, यात्रा म्हणून. आपल्या यात्रेत आनंदाला मज्जाव कधीच नव्हता. त्याला नियमांची चौकट तेवढी होती.

ते नियम आजही सोपे आहेत. वाहन वर ठेवून वनखात्याने आखलेल्या वाटेने पायी उतरावे. स्थानिक वाटाड्या घ्यावा, गावात मुक्काम करावा, म्हणजे सरोवर जपण्यात गावकऱ्यांचेही हित राहील. धारेखाली साबण लावू नये. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी, निर्माल्यसुद्धा. सहली काढणाऱ्या शाळांनी व संस्थांनी परतण्यापूर्वी अर्धा तास स्वच्छतेस द्यावा.

‘देश म्हणजे केवळ मातीचा तुकडा नव्हे’ हे आपण बैठकांतून नेहमी सांगतो. त्या वाक्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती होते लोणारच्या उतारावर, हातात रिकामी बाटली असताना आणि कोणी पाहत नसताना.