पोसोले : चुन्यातला मका आणि डुकराचे मटण

आमच्या समाजातील मुली-सुना आता नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेपर्यंत पोहोचल्या आहेत. सकाळी घर सोडायचे, दिवे लागल्यावर परतायचे आणि मग स्वयंपाकाला लागायचे, ही ओढाताण मात्र तिकडेही चुकलेली नाही. टेक्सास-कॅलिफोर्नियात मेक्सिकन कुटुंबांची वस्ती मोठी. त्यांच्या घरचा एक पदार्थ आज आम्ही भगिनींसाठी निवडला आहे. सकाळी भांड्यात घालून जावा, संध्याकाळी वाढून घ्यावा, असा. त्याचे नाव पोसोले.

पोसोले म्हणजे डुकराचे मटण, फुगलेला पांढरा मका आणि सुक्या लाल मिरचीचा रस्सा. डुकराचे मटण म्हटले की आपल्याकडे काहींची नाके मुरडतात. ज्यांची मुरडतात त्यांनी खुशाल मुरडावीत. मेक्सिकोत हा सणाचा पदार्थ आहे. १६ सप्टेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. आदल्या रात्री घरोघरी पोसोलेचे पातेले चढते. गेरेरो राज्यात गुरुवार हा पोसोलेचाच वार. तिथला हिरवा, हालिस्कोचा लाल.

मटणापेक्षाही आम्हाला यातल्या मक्याचे मोल अधिक वाटते. मेक्सिकोतील बायका हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी चोळून धुतात. साल सुटते, दाणा फुगतो. चुन्यामुळे मक्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होऊन अंगी लागते. त्या बायकांना नायसिन हे नाव ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. स्पॅनिश लोकांनी मक्याचे बी जहाजात घालून युरोपात नेले, ही रीत मात्र मागेच राहिली. अडाणी बायकांकडून शिकायचे ते काय, असेच त्यांना वाटले असणार!

त्याचे मोल गरिबांनी मोजले. उत्तर स्पेन आणि इटलीत मक्यावरच पोट असलेल्या शेतमजुरांच्या अंगावर चट्टे उठू लागले, जुलाब लागू लागले, वेड लागून माणसे मरू लागली. कसाल नावाच्या स्पॅनिश डॉक्टराने १७३५ साली या रोगाची नोंद केली. पुढे त्याला पेलाग्रा नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले, त्यात काळे लोक आणि गिरणीकामगार पुष्कळ. घाणीतून पसरणारा संसर्ग म्हणून गरिबांनाच बोल लावला जाई. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५च्या सुमारास दाखवून दिले, की दोष निकस अन्नाचा आहे. नायसिनचा उलगडा १९३७ साली झाला. चुन्यातला मका खाणाऱ्या मेक्सिकोत हा रोग फारसा माजला नाही.

आता कृती. स्लो कुकर म्हणजे विजेवर तापणारे चिनी मातीचे भांडे. दोन-अडीचशे वॅटवर दिवसभर मंद शिजवते. त्याला डुकराच्या खांद्याचे मटणच घ्यावे. स्वस्त असते, चिवट असते आणि तेच कामाचे. त्यातले चिवट पडदे सात-आठ तासांत विरघळून रस्सा दाट होतो. पाठीचे महाग मांस यात कोरडे पडते.

एक किलो मटणाचे मोठे तुकडे करावेत. सहा ग्वाहियो आणि दोन आंचो मिरच्या (दोन्ही आपल्या बेडगीसारख्या, रंग जास्त, तिखट कमी) बिया काढून तव्यावर किंचित भाजाव्यात. करपल्या की रस्सा कडू झालाच म्हणून समजा. गरम पाण्यात भिजवून सहा पाकळ्या लसूण, एक कांदा, चमचाभर जिरे यांच्याबरोबर वाटाव्यात आणि गाळाव्यात. मटण, वाटण, मीठ, थोडा ओरेगानो, दीड लिटर पाणी भांड्यात घालून मंदवर आठ तास. शेवटच्या तासाला मक्याचे दोन डबे निथळून घालावेत. तिथल्या दुकानात ते होमिनी नावाने मिळतात. वाढताना वरून बारीक कोबी, मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा आणि लिंबू. मुळा टाळू नये, रश्श्याला तोच उठाव देतो.

गोठलेले मटण तसेच भांड्यात टाकू नये. ते हळू तापते आणि तेवढ्यात जंतू वाढतात. सारखे झाकण उघडून पाहण्याची आपली सवयही इथे आवरावी, दर वेळी वीस मिनिटे वाया जातात. मटणात तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर ते घेऊच नये, ती पट्टकृमीची खूण आहे. कच्चा राजमा तर या भांड्यात कधीच टाकू नये. भिजवून, दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय त्यातले विष जात नाही.

इकडे गावी स्लो कुकर नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन तास पुरतात. मका मात्र आधी करून ठेवावा: अर्धा किलो सुका पांढरा मका, खायचा चुना एक चमचा, भरपूर पाणी, अर्धा तास उकळून रात्रभर ठेवावा. सकाळी साल जाईपर्यंत चोळून चार पाण्यांनी धुवावा आणि दाणा उमलेपर्यंत वेगळा शिजवून मग रश्श्यात घालावा. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमला चुना खातो.