छोटा ॲम्प्लिफायर घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका

घरात बसून गाणे ऐकण्याचा शौक कोल्हापूरला नवा नाही. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते, देवल क्लबमध्ये मैफली रंगल्या आणि त्या गायकीचे दर्दी आजही पेठांतून भेटतात. अशा माणसाच्या घरी स्पीकरची जुनी जोडी हमखास असते, पण तिला चालवणारा डेक केव्हाच बंद पडलेला असतो. त्याच्यासाठी आता बाजारात तळहाताएवढे स्टिरिओ ॲम्प्लिफायर मिळतात. किंमत दोन-अडीच हजारांपासून पुढे, ब्ल्यूटूथची सोय, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०० वॅट’. वस्तू घेण्यासारखी आहे. आकडा मात्र पुष्कळदा फसवा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याची पडताळणी दुकानातच होते, त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. सोबतचा अडॅप्टर उलटा करून वाचावा. १२ व्होल्ट, ३ अँपियर लिहिले असेल तर गुणाकार होतो ३६ वॅट. आत ३६ येत असताना बाहेर १०० जाणार कोठून? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची टीपीए ३११६ ही चिप अशा अनेक डब्यांत असते. कंपनीच्या कागदावर तिची ताकद दर बाजूस ५० वॅट आहे, पण ती २१ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर धरून. तीच चिप १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ७-८ वॅट देते. टेपरेकॉर्डरच्या काळात ‘पीएमपीओ’च्या नावाखाली हजारांचे आकडे छापून माल खपवला जाई. हा त्याचाच धाकटा भाऊ.

गंमत अशी की घरगुती ऐकण्याला ७-८ वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. एका वॅटला ८७ डेसिबल देणारा साधारण स्पीकर ८ वॅटवर एक मीटर अंतरावर ९६ डेसिबलपर्यंत जातो. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला भिंत लागलेल्या मंगळवार पेठेत, एवढा आवाज केला तर शेजारी दार ठोठावतील. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी आपल्याला वॅट मोजायची सवय लावली. दिवाणखान्याचा हिशेब वेगळा आहे.

मग पाहायचे काय? आपल्या कानांनी ओळखलेले एखादे ध्वनिमुद्रण मोबाईलमध्ये घेऊन जावे. किशोरीताईंचा भूप असेल तर उत्तमच. गाणे लावण्याआधी आवाजाचे बटण अर्ध्यावर नेऊन स्पीकरजवळ कान न्यावा. सूं-सूं किंवा गुणगुण ऐकू आली तर तो डबा परत ठेवावा. आवाज अगदी हळू केल्यावरही दोन्ही बाजू सारख्या वाजल्या पाहिजेत, कारण स्वस्त मालात बटणाची हीच खोड असते. गायिकेच्या मागचा तानपुरा सलग राहतो का, ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, डग्ग्याची घुमक नुसती धप्प होते का, हे दहा मिनिटांत कळते. बेस-ट्रेबलची बटणे मधोमध ठेवूनच ऐकावे. बेस चढवून गिऱ्हाईक पटवणे ही दुकानदारीची जुनी युक्ती आहे.

एकूण दहा हजार खर्चायचे असतील तर सहा-सात हजार स्पीकरवर जाऊ द्यावेत. अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असावा, बिल पक्के घ्यावे. ऑनलाइन शे-दोनशे वाचतात खरे, पण बिघाड झाल्यावर कोणाकडे जायचे? म्हणूनच लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या दुकानदारांनी स्पीकरची एक जोडी कायम जोडून ठेवावी आणि ‘८ ओहमला खरे इतके वॅट’ अशी चिठ्ठी स्वतः लावावी. ऑनलाइन विक्रेत्याशी किमतीत टक्कर देता येत नसेल तर निदान खरेपणात द्यावी.

जोडणी करणाऱ्या कारागिराला एक गोष्ट आधीच बजावून ठेवा. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र जोडल्या तरी सहसा चालत असे. या नव्या चिपमध्ये दोन्ही तारांत करंट खेळतो. काळ्या तारा एकमेकींना किंवा अर्थला जोडल्या तर चिप जळू शकते, आणि अशा जळण्याला वॉरंटी सहसा लागू होत नाही.