बिघाडाचे बटण

दिवाळीला परंड्याला जायचे म्हणजे कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरायचे आणि पुढे एस.टी.त फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. किल्ल्याचे बुरूज दिसू लागले की डबा सौ.च्या मांडीवर द्यायचा आणि आपण बाकाखाली चपला शोधायच्या. हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम.

यंदा आमचे थोरले बंधू अण्णा यांच्या सोप्यात पाऊल टाकले तो काय, घरात दोन पक्ष पडलेले! वाद वाटणीचा नव्हता की निवडणुकीचा नव्हता. वाद होता सिंथेसायझरचा.

वाचकांपैकी ज्यांनी गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकला आहे त्यांना हे यंत्र ठाऊक असेल. पेटीसारख्या पट्ट्या, वर बटणांची रांग, भाता नाही. अण्णांनी असे एक जपानी यंत्र 1984 साली मुंबईहून वापरलेले आणले. कंपनीचे नाव सांगत नाही. फुकट जाहिरात कशाला? त्यात वहिनींच्या दोन पाटल्या गेल्या, आणि ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला करंजीच्या सारणाबरोबर एकदा निघतेच. त्या यंत्रावर अण्णांनी बार्शी, भूम, सोलापूरपर्यंतचे मांडव गाजवले. मग ते माळ्यावर गेले. आता पुण्याच्या एका हौशी माणसाने त्याचे दीड लाख रुपये देऊ केले आहेत.

अण्णांचा नातू पुण्यात ध्वनिमुद्रण शिकतो. तो सुटीला येताना आपले नवे कोरे यंत्र घेऊन आला होता. साहजिकच मला वाटले, म्हातारा जुन्याच्या बाजूने आणि पोरगा नव्याच्या. झाले उलटेच! नातू हात जोडून म्हणत होता, "आजोबा, विकू नका," आणि अण्णा म्हणत होते, "घेऊन जाऊ दे एकदाचं."

नातवाने मला सगळे समजावून सांगितले. ही दोन्ही यंत्रे अ‍ॅनालॉग. यांच्यात स्वर आकड्यांच्या हिशेबाने बनत नाही, विजेच्या दाबाच्या चढउताराने बनतो. एक मंडल आंदोलने निर्माण करते, दुसरे त्यांतला तीक्ष्ण भाग चाळणीसारखा चाळून काढते, आणि तिसरे ठरवते की स्वर झटकन उठावा की हळूच, आणि कसा विझावा. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली अशी मंडले जुळवली, आणि 1970 साली उचलून नेता येईल असा मिनीमूग काढला. आपल्याकडे 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे यंत्र आले. पुढे मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी ते चित्रपटसंगीतात आणले. 1983 साली यामाहाचा आकडेवाला डीएक्स-7 निघाला आणि अ‍ॅनालॉग यंत्रे कवडीमोल झाली. म्हणूनच ती पाटल्यांच्या भावात अण्णांसारख्यांच्या हाती लागली.

"पण त्यात गोडी कसली?" मी विचारले.

"काका, ते सरकतं!" पोराचे डोळे चमकले. जुन्या यंत्रात उष्णतेने स्वर हलतो. सुरू केल्यावर अर्धा तास त्याला तापू द्यावे लागते, आणि तरीही दोन आंदोलने कधी तंतोतंत जुळत नाहीत. त्या किंचित अंतरामुळे स्वर भरीव आणि जिवंत वाटतो, असे जुन्याचे भक्त म्हणतात. मला मिरजेचा तंबोरा आठवला. तारेखाली सुताचा धागा केसभर इकडेतिकडे केला की तारेचे बोलणे बदलते, आणि सभागृहात पंखा लागला की गवई पुन्हा खुंट्यांकडे वळतो.

नव्याचे कैवारी यावर हसतात. म्हणतात, नवे यंत्र आतून तसेच अ‍ॅनालॉग आहे, शिवाय ते स्वतःच स्वत:ला सुरात आणते आणि लावलेला आवाज लक्षात ठेवते. जुन्यात बटणांच्या जागा वहीत लिहून ठेवा, सुटा भाग मिळत नाही म्हणून गावोगाव हिंडा, हा जाच कुणी सांगितला? अण्णांकडे तशी वही होती. पानापानावर बटणांची गोल चित्रे आणि खाली 'बासरी', 'सनई', 'पाऊस'.

गंमत पुढेच आहे. प्रॉफेट-5 नावाचे 1978 सालचे प्रसिद्ध यंत्र 2020 साली पुन्हा निघाले. त्यावर एक जादा बटण आहे, त्याचे नाव 'व्हिंटेज'. ते फिरवले की नवे यंत्र जुन्यासारखे जरा जरा बेसूर व्हायला लागते!

"म्हणजे बिघाडाचं बटण?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आमच्या घरात ते लग्नापासून आहे. त्याला बटण लागत नाही."

रात्री जेवणानंतर परीक्षा ठरली. दिवे मालवले. नातवाने दोन्ही यंत्रे आलटून पालटून वाजवायची आणि अण्णांनी जुने कुठले ते ओळखायचे. अण्णांनी पाच वेळा सांगितले, त्यांत तीन वेळा चुकले. मी तर पाचही वेळा चुकलो. वहिनी मात्र पाचही वेळा बरोबर! नातू थक्क झाला. "आजी, तुला फिल्टरमधला फरक कळतो?"

"फिल्टर बिल्टर मला काय ठाऊक? त्याची तिसरी काळी पट्टी टक् करते. पाटल्या माझ्या होत्या, मी नाही ओळखणार?"

हसे ओसरल्यावर नातू जरा हिरमुसला. मग त्याने आपल्या आराध्य दैवताचे नाव काढले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली तीन जपानी यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्या तबकडीला कुणी विचारले नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या शौकिनांनी डोक्यावर घेतली. 2015 साली ते मुंबईत वारले.

अण्णा म्हणाले, "बघ. नवं होतं तेव्हा नको होतं, जुनं झालं तेव्हा हवं झालं. आपल्या पेटीचं तेच. 1940 साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, का तर तिच्यात मींड येत नाही. आज पेटीवाचून भजन होतं का? आणि नागाची बीन! मांडवात लोक ओरडायचे, 'नागिन वाजवा!' ती 1954 च्या 'नागिन'मधली बीन कुणा गारुड्याने वाजवली नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. एका फ्रेंच माणसाचं विजेचं वाद्य! आज कुणी तिला खोटी म्हणतं का?"

मग ते थांबले. आवाज उतरला.

"आमच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेटवाले मामा होते. मी हे यंत्र आणलं त्या वर्षी मालकांनी त्यांना बंद केलं. म्हणाले, तुझ्या एकट्यात बासरी, सनई, क्लॅरिनेट सगळं येतं. मामा मला इतकंच म्हणाले, 'बाळ, तुझ्या पेटीला श्वास नाही रे.' मला तेव्हा राग आला. पुढे त्यांनी किराणा दुकानात पुड्या बांधल्या. आणि आज हा पोरगा मला सांगतो, याच पेटीत श्वास आहे!"

सोप्यात कुणी बोलेना. बाहेर पोरांचे फटाके चालू होते.

"मग तो होता की नव्हता?" नातवाने हळूच विचारले.

"यंत्रात नव्हता," अण्णा म्हणाले. "पण मांडवात दिव्यांखाली हे तापायचं, सूर वर सरकायचा. गायक डोळे वटारायचा. एक हात पट्ट्यांवर, एक हात बटणावर, आणि सगळा जीव कानात. गाणं संपेपर्यंत मला गायकाला ऐकावंच लागायचं. या बिघाडाने मला ऐकायला शिकवलं. मामांना ते यंत्रावाचून येत होतं. तुझं नवं यंत्र सुरात राहतं, चांगलंच आहे. पण ते सुरात आहे म्हणून तू ऐकायचं सोडू नकोस म्हणजे झालं."

मला वाटते, जुन्या-नव्याच्या या भांडणात दोन्ही पक्ष यंत्राचे वर्णन करतात आणि वाजवणाऱ्याला विसरतात. बिघाड बटणाने विकत मिळतो. बिघाड सावरण्यासाठी लावलेला कान त्या बटणाबरोबर येत नाही.

परंड्याला मौल्यवान वस्तू बाहेर जाण्याची सवय आहे. मुलूखमैदान तोफ याच किल्ल्यावर होती, 1632 साली ती विजापूरला गेली. आता ती बुरुजावर पाहण्यासाठी ठेवलेली आहे. अण्णांनी पुण्याच्या गृहस्थांना एकच अट घातली. यंत्र काचेच्या कपाटात ठेवायचे नाही, वाजवायचे. ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येणार आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते यंत्र शेवटचे लावले. अर्धा तास तापू दिले. अण्णांनी वहीतले 'क्लॅरिनेट'चे पान काढले, पण बटणे तशी लावून झाल्यावर वही मिटली आणि कानाने थोडी इकडेतिकडे केली. हात थरथरत होता. नातू नवे यंत्र बाजूला ठेवून नुसता ऐकत बसला होता.

वाजवणे संपल्यावर वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला वाटले, आता पाटल्यांचा विषय निघणार.

"ते पैसे येतील," त्या म्हणाल्या, "त्यातले मामींकडे किती पोचवायचे, ते आधी ठरवा. पाटल्यांचं मग बघू."