पावसाचा हिशेब कोण मांडतो?

मागच्या मृगात आमच्या अचलपूरच्या वस्तीतील एक मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, मोबाईलवर पाऊस दाखवते अन् आपल्या वावरात थेंब नाही. ढग मेळघाटातच अडकते का?" घरी कोरडवाहू तीन एकर. पहिली पेरणी मोडली, दुबार बियाण्यासाठी गळ्यातली पोत गहाण पडली. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

अंदाजासाठी साऱ्या पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पितात. प्रत्येक चौकोनातील वारा, उष्मा, दमटपणा, हवेचा दाब यांचे गणित काही मिनिटांनी पुढे सरकवीत दहा दिवसांपर्यंत नेतात. एकट्या यंत्रावर सोडले तर अंदाज निघेपर्यंत पाऊस पडूनही जाईल! म्हणून निंदणाला बाया आपापली पात धरतात तसे महासंगणकात हजारो प्रोसेसर आपापले चौकोन धरतात. पण वारा धुरा ओळखत नाही. दर टप्प्याला प्रत्येकाला काठावरचे आकडे शेजाऱ्याला द्यावे लागतात. एक मागे राहिला की सारे खोळंबतात.

आपल्याकडे हे तंत्र रुजविणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, म्हणजे वऱ्हाडचेच. अमेरिकेने मोठा क्रे महासंगणक नाकारला, हवामानासाठी एकाच प्रोसेसरचा लहान क्रे दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये अनेक लहान प्रोसेसर जोडून 'परम ८०००' उभा राहिला.

आता पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ पासून 'अर्का' आहे. मे २०२५ मध्ये अंदाजाचा चौकोन बारा किलोमीटरवरून सहावर आला. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट. काम जवळजवळ आठपट. फायदा असा की मोठ्या चौकोनात मेळघाटचा डोंगर अन् पायथ्याचे रान एकत्र सरासरीत जात होते, ते आता थोडे वेगळे दिसते.

तरी सहा किलोमीटरच्या चौकोनात सुमारे ८,९०० एकर बसतात. त्या साऱ्यांना एकच आकडा.

"मग माहे तीन एकर कुठं?" मावशींनी विचारले. ते मात्र आपणच मोजायचे. कृषी खाते सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यंदा त्यांनी सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या वावरात ठेवला आहे. नात रोज सकाळी पट्टी लावते, आकडा वहीत मांडते आणि डबा रिकामा करते.